आय ॲग्री: ती टिक आधीपासूनच होती



हा भाग मी तीनदा रेकॉर्ड केला. पहिल्या दोन वेळा डिलीट केला, कारण त्यात मी नुसताच एका कंपनीला शिव्या घालत होतो आणि स्वतः साळसूदासारखा बाजूला उभा होतो. आज माझाही वाटा सांगतो. आधीच सांगून ठेवतो, मी वकील नाही. बीटेक केलंय, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत फ्रंटएंड लिहितो. म्हणजे तुम्ही ॲपवर जी बटणं दाबता, ती बनवणाऱ्यांपैकी मी एक. कायदा वाचायला लागलो तो गरज पडली म्हणून.

गरज पडली आईमुळे. आई खामगावला असते, बुलढाणा जिल्ह्यात. घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, जूनमध्ये शाळांचे गणवेश. जानेवारी २०२५ मध्ये तिनं एका शॉपिंग ॲपवरून शिलाई मशीनची मोटर मागवली. १,८५० रुपये. मोटर वेळेवर आली, चांगली निघाली, आजही चालते. मोटरबद्दल काही तक्रार नाही.

ऑगस्टमध्ये मी पोळ्याला घरी गेलो. आईनं पासबुक पुढे ठेवलं आणि विचारलं, "हे काय हाय रे, दर महिन्याले?" १९९ रुपये. फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत सात वेळा. एकूण १,३९३. त्या ॲपची कसली तरी 'प्लस' मेंबरशिप होती. पहिला महिना फुकट, मग दरमहा आपोआप कपात.

मी तिलाच रागावलो. हे खरंय, लपवत नाही. "अगं आई, तू टिक केली असणार. वाचायचं नाही का?"

ती म्हणाली, "अरे बापा, मी कायले टिक करू? ते त पहिलेपासूनच होती."

मी ॲप उघडलं, कार्टमध्ये सुईचं एक पाकीट टाकलं आणि पेमेंटच्या पानापर्यंत गेलो. आई बरोबर होती. खाली, राखाडी अक्षरांत, मेंबरशिपचा चौकोन आणि त्यात टिक तयारच. पेमेंट करताना मोटरचे पैसे आणि यूपीआय ऑटोपेचं मँडेट लागोपाठ समोर येतं. पिन टाकणाऱ्याला वाटतं एकाच गोष्टीची परवानगी चाललीय. त्यानंतर दरमहा पिन लागतच नाही, कारण १५,००० रुपयांपर्यंतच्या ठरावीक कपातीला रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ती सूट आहे. हो, प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. आईला ती आली होती. सातही वेळा. इंग्रजीत, लोनच्या आणि रिचार्जच्या पन्नास मेसेजांच्या मध्ये.

मी मँडेट तिथल्या तिथे यूपीआय ॲपमधून बंद केलं. (तुम्हीही आज एकदा ऑटोपेची यादी उघडून बघा. नुसती बघा.) आणि कंपनीला मेल टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मतितार्थ असा: आपण १४ जानेवारीला ११ वाजून ४२ मिनिटांनी अटी मान्य केल्या आहेत, मेंबरशिपचे पैसे परत मिळत नाहीत, आणि वाद असेल तर अटींमधल्या अमुक कलमाप्रमाणे लवाद, तोही बंगळुरूला.

११ वाजून ४२ मिनिटं. ही वेळ वाचली आणि माझ्या पोटात गोळा आला. तो का, ते नंतर सांगतो.

आता मूळ प्रश्न. मोबाईलवर बोट टेकवलं की करार होतो का? उत्तर आहे हो, होतो. "मी कुठे सही केली?" हा बचाव चालत नाही. आपला करार कायदा १८७२ चा आहे, आणि त्याला सही लागतच नाही. कलम १० ला हवी ती मोकळी संमती, करार करायला पात्र माणसं, काहीतरी देवाणघेवाण आणि कायदेशीर हेतू. भाजीवाल्याशी तुम्ही रोज तोंडी करार करताच की. आयटी कायद्यात २००८ च्या दुरुस्तीनं कलम १०-अ आलं. ते म्हणतं, करार इलेक्ट्रॉनिक मार्गानं झाला एवढ्याच कारणावरून तो अंमलात आणता येणार नाही असं म्हणता यायचं नाही. २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या खटल्यात सुप्रीम कोर्टानं बॉक्साइटचा करार निव्वळ ईमेलांवरून पक्का धरला. औपचारिक कागद व्हायचा बाकी होता, तरी.

जाता जाता, पात्र माणसं म्हणजे अठरा पूर्ण. अठराच्या आतल्या मुलाचा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलनं १९०३ मध्येच सांगून ठेवलंय. 'मी १८ वर्षांचा आहे' या चौकोनावर खोटी टिक करणारे माझे श्रोते, तुमच्याबद्दल वेगळा भाग करू.

तर करार होतो. पण कुठे होतो? इथे मी उडालो, कारण या प्रश्नावरचा देशातला सगळ्यात गाजलेला खटला निघाला आमच्या खामगावचा!

गोष्ट १९५९ ची. खामगाव म्हणजे कापसाचा बाजार, जिनिंग, तेलघाण्या. इथल्या केडिया जिनिंग फॅक्टरी अँड ऑइल मिल्सकडून अहमदाबादच्या एका पेढीनं सरकीची ढेप घ्यायचं ठरवलं. ट्रंक कॉलवर. २२ जुलै १९५९. ढेप गेली नाही, असं अहमदाबादवाल्यांचं म्हणणं. त्यांनी ३१,१५० रुपयांचा दावा लावला, अहमदाबादच्या कोर्टात. खामगाववाले म्हणाले, आम्ही होकार खामगावात बसून दिला, म्हणजे करार इथे झाला, अहमदाबादच्या कोर्टाचा संबंध काय?

आता गंमत बघा. पत्रानं होकार पाठवला तर तो पेटीत टाकला त्या क्षणी प्रस्ताव देणारा बांधला जातो. कलम ४ तसं सांगतं: होकार तुमच्या हातातून सुटला की झालं. मग फोनचं काय? तोंडातून शब्द सुटला तिथे करार, की कानावर पडला तिथे? कायदा १८७२ चा आणि टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. कायदा लिहिणाऱ्यांना हे सुचणार कुठून.

ऑगस्ट १९६५ मध्ये सुप्रीम कोर्टानं बहुमतानं सांगितलं: फोनवरचा करार होकार ऐकू येतो तिथे होतो. म्हणजे अहमदाबादला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला, जे आधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते, त्यांनी वेगळा निकाल लिहिला. त्यांचं म्हणणं, कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे टेलिफोन नव्हता हे कबूल, पण कलम ४ चे शब्द आहेत तसेच लावायला हवेत, आणि त्या शब्दांप्रमाणे करार खामगावातच झाला. पण ते पडले एकटे. सहा वर्षं गेली ती फक्त खटला कुठे चालवायचा हे ठरवण्यात, ढेपेचा हिशेब पुढेच राहिला. आणि खामगावच्या माणसाला अहमदाबादची वाट धरावी लागली.

माझं अख्खं बालपण त्या गावात गेलं आणि हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. चांदीची बाजारपेठ, कापूस, सगळं सांगितलं. हे नाही.

बरं, शॉपिंग ॲपवर यातलं प्रस्ताव काय आणि होकार काय? तुम्हाला वाटतं ॲपनं वस्तू दाखवली म्हणजे प्रस्ताव दिला आणि तुम्ही 'बाय' दाबलं म्हणजे होकार दिला. साधारणपणे उलटं असतं. दुकानाच्या काचेत मांडलेली साडी हा प्रस्ताव नसतो, ते प्रस्ताव द्यायचं आमंत्रण असतं. ऑर्डर टाकता तेव्हा प्रस्ताव तुमचा. बऱ्याच ॲपच्या अटींत लिहिलेलं असतं की माल पाठवल्याचा मेल गेला की मगच करार पूर्ण. म्हणून तर चुकून ९९ रुपयांना लागलेला टीव्ही तुम्ही ऑर्डर करता, पैसेही जातात, आणि संध्याकाळी 'ऑर्डर कॅन्सल्ड' येतं. याला एक चाप आहे तो लक्षात ठेवा. तुम्ही ऑर्डर रद्द केल्यावर कंपनी दंड कापते, पण स्वतः रद्द केल्यावर तसाच दंड स्वतः सोसत नाही, असं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे चालत नाही.

आता बंगळुरूच्या लवादाकडे येऊ. मला वाटलं होतं, संपलं. आईनं अटी मान्य केल्यात, अटींत बंगळुरू लिहिलंय, १,३९३ रुपयांसाठी बंगळुरूला कोण जाणार? ते कलम नेमकं त्यासाठीच लिहिलेलं असतं. जिंकायला नाही, तुम्ही घरातून निघूच नये म्हणून.

पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वाचला. जुलै २०२० पासून लागू आहे. त्याच्या कलम ३४ मध्ये एक ओळ आहे जी १९८६ च्या जुन्या कायद्यात नव्हती: तक्रार करणारा जिथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. करार कुठे झाला, होकार कुठे ऐकू आला, सर्व्हर कुठे आहे, काही बघायचं नाही. आई राहते खामगावात, म्हणजे बुलढाणा जिल्हा आयोग. वस्तूची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. वकील लागतोच असं नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत. आणि लवादाचं कलम? त्यावर सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये एका बिल्डरच्या प्रकरणात सांगितलं की करारात लवाद लिहिला म्हणून ग्राहकाचा आयोगाकडे जायचा रस्ता बंद होत नाही.

१९६५ ला जो प्रश्न खामगाववाले हरले, तो आईच्या बाजूनं कायद्यातच सोडवून ठेवलाय. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती फॉल लावत होती. म्हणाली, "मंग बुलढाण्याले त जाता येते. एसटीनं."

एक अडचण मला वाटत होती. मोटर तर धंद्यासाठी घेतली, मग आई 'ग्राहक' कशी? व्यापारी कामासाठी घेणारा ग्राहक धरत नाहीत. पण त्याच व्याख्येखाली स्पष्टीकरण आहे: स्वतः राबून, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कामात मोडत नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे अगदी मापात बसतं. तुमच्यापैकी कुणी डिलिव्हरीसाठी गाडी किंवा रीलसाठी कॅमेरा घेतला असेल, तर हे स्पष्टीकरण तुमचंही आहे.

आता टिक. इथे मला जरा हळू बोलावं लागेल.

२३ जुलै २०२० ला ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम आले. त्यातला नियम ४, पोटनियम ९. साध्या मराठीत: ग्राहकाची खरेदीला संमती नोंदवायची ती त्यानं स्वतः स्पष्ट, ठोस कृती केली तरच. आपोआप संमती नोंदवायची नाही. आणि नियमात नाव घेऊन लिहिलंय की आधीच टिक केलेला चौकोनही चालणार नाही. यात अर्थ लावायला जागाच ठेवलेली नाही. नियम बनवणाऱ्यांनी जणू आईचा स्क्रीन बघूनच लिहिलं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं डार्क पॅटर्नची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेरा प्रकार नावानिशी दिलेत. न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं, मेंबरशिपचा सापळा, 'फक्त २ शिल्लक' अशी खोटी घाई, नको म्हणणाऱ्याला लाजवणं. त्या शेवटच्याचं त्यांचं उदाहरण मजेदार आहे: विमानाच्या तिकिटाबरोबर विमा नको असेल तर 'मी असुरक्षित राहीन' असं बटण दाबायला लावणं. ही वाक्यं कुणी लिहितं माहितीय? माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो तो मुलगा. स्वभावानं चांगला आहे.

अमेरिकेत हा वाद फार आधी झाला. स्पेक्ट विरुद्ध नेटस्केप, २००२. 'डाउनलोड' बटण वर, आणि अटींचा उल्लेख खाली, स्क्रोल केल्याशिवाय न दिसणारा. अपील कोर्टानं सांगितलं, जे दिसलंच नाही ते वापरणाऱ्यानं मान्य केलं असं धरता येत नाही. आपल्या कोर्टांवर तो निकाल बंधनकारक नाही. पण मला तो आवडला, कारण त्यात न्यायाधीश चक्क बटण पानावर कुठे आहे यावर बोलतात. आम्ही कॉलेजात चार वर्षं घालवली, बटणाच्या जागेला कायदेशीर अर्थ असतो हे कुणी शिकवलं नाही.

आता ते ११ वाजून ४२ मिनिटं.

जून २०२५ मध्ये प्राधिकरणानं सगळ्या ई-कॉमर्स कंपन्यांना सल्ला दिला: तीन महिन्यांत आपापल्या प्लॅटफॉर्मचं ऑडिट करा आणि डार्क पॅटर्न शोधून काढा. आमच्या कंपनीतही एक शीट फिरायला लागली. आमचं प्रॉडक्ट वेगळं, ट्रॅव्हल बुकिंगचं, आईच्या ॲपशी संबंध नाही. पोळ्याहून परत आल्यावर मी आमचं पेमेंटचं पान उघडलं. 'ट्रिप प्रोटेक्ट', १४९ रुपये. चौकोनात टिक. कोडमध्ये एक ओळ, 'डीफॉल्ट चेक्ड' बरोबर 'ट्रू'. कुणी लिहिली हे बघायला एक कमांड असते, तिचं नावच 'गिट ब्लेम'. चालवली. नाव आलं माझं. तारीख मार्च २०२२.

म्हणजे नियम येऊन दीड वर्ष उलटून गेल्यावर.

मला तो दिवस आठवतो. तिकीट आलं होतं, 'ॲटॅच रेट वाढवा'. काम दहा मिनिटांचं. मी विचारसुद्धा केला नाही. आणि त्याच दिवशी मी अजून एक गोष्ट नीटनेटकी केली होती: डेटाबेसमध्ये एक कॉलम, 'कन्सेंट ॲट'. ग्राहकानं 'पे' दाबलं की त्यात वेळ पडते. तारीख, तास, मिनिट, सेकंद, अटींची आवृत्ती, आयपी. माझ्या सीनियरनं रिव्ह्यूत कौतुक केलं होतं, ऑडिट ट्रेल छान केलास म्हणून.

तो कॉलम सांगतो पेमेंट किती वाजता झालं. बोट त्या चौकोनाकडे गेलं होतं का, हे तो सांगूच शकत नाही. पण कस्टमर केअरच्या माणसाला स्क्रीनवर तोच दिसतो, आणि तो लिहितो, 'आपण ११ वाजून ४२ मिनिटांनी अटी मान्य केल्या आहेत'. आईला आलेलं वाक्य तिकडच्या कुणीतरी माझ्यासारख्यानंच तयार करून ठेवलं होतं. आमच्या ट्रिप प्रोटेक्टवाल्या लोकांनाही तसंच वाक्य जात असणार. त्यांच्यात कुणाची तरी आई असणार.

मी मीटिंगमध्ये विषय काढला. आवाज कापत होता, वीरबीर काही नाही. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणाली, "टिक काढली तर आकडा किती पडेल माहितीय ना?" मी नियमाची प्रिंट नेली होती, ती टेबलावर ठेवली. लीगलच्या माणसानं ती वाचली आणि म्हणाला, "हे मला चार वर्षांपूर्वी कुणी दाखवलं का नाही?" खरं तर दाखवणं त्याचं काम होतं, पण ते असो. मी म्हणालो, ओळ माझी आहे, मीच बदलतो. 'ट्रू'चं 'फॉल्स' केलं. आकडा पडला. किती ते सांगायची मला परवानगी नाही, पण भरपूर पडला. त्यावरून किती जणांना ते खरोखर हवं होतं, तुम्हीच बघा.

आईच्या पैशांचं सांगतो. आधी १९१५ वर फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीतून बोलता येतं. तक्रारीचा नंबर मिळाला. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला हा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर द्यावाच लागतो. ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवाडा, हे त्याच्यावर बंधन. मेलमध्ये मी रागाचं एक वाक्य लिहिलं नाही. पेमेंटच्या पानाचा स्क्रीनशॉट, स्क्रीन रेकॉर्डिंग, पासबुकाच्या सात नोंदी, नियम ४ पोटनियम ९, आणि शेवटी एक ओळ: एका महिन्यात पैसे आले नाहीत तर बुलढाणा जिल्हा आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करू. रेकॉर्डिंग त्याच दिवशी करा बरं का. पान बदलायला आम्हाला दहा मिनिटं लागतात, आत्ताच सांगितलं.

एकविसाव्या दिवशी ९९५ रुपये आले. सात नव्हे, पाच महिन्यांचे. बाकी दोन महिन्यांत 'सेवेचा लाभ घेतला' म्हणे, कारण आईनं त्या काळात फ्री डिलिव्हरीनं दोन ऑर्डर टाकल्या होत्या. मला लढायचं होतं. ३९८ रुपयांसाठी आयोगात जायला मी तयार होतो, तत्त्व म्हणून. आई नाही म्हणाली. गणवेशांचं काम होतं. तक्रार तिची, निर्णयही तिचा, म्हणून सोडलं. पण आमच्यासारखे सगळे सोडतात, हे कंपनीच्या हिशेबात आधीच धरलेलं असतं, हे मला आतून माहीत आहे आणि ते टोचतं.

अजून एक रस्ता कायद्यात आहे, पण आईच्या कामाचा नव्हता. २०१९ च्या कायद्यात 'अन्याय्य करार' अशी स्वतंत्र कल्पना आलीय. अवाच्या सवा डिपॉझिट, नुकसानीच्या मानानं भलताच दंड, कारण न देता एकतर्फी करार तोडायचा हक्क, असली कलमं आयोग रद्द ठरवू शकतो. मात्र ती तक्रार जिल्ह्यात चालत नाही, राज्य आयोगात जावं लागतं. हे मला पटत नाही. ज्याला बुलढाणाच जड जातं त्याला तुम्ही आणखी लांब पाठवणार.

हे सगळं झाल्यावर एका रात्री आईनं फोनवर विचारलं, "तुमच्या हापिसात बी असंच चालते काय रे?" मी तिला मार्च २०२२ ची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काढली ना आता?"

टिक काढली. पण ट्रिप प्रोटेक्ट घेऊन झाल्यावर रद्द करायचं बटण आमच्याकडे अजून चौथ्या स्क्रीनवर, 'इतर' खाली आहे. त्याचं तिकीट मी टाकलंय. आज सकाळी बघितलं, ओपनच आहे.

भेटू पुढच्या मंगळवारी.